जुनी बोलेरो पिकअप घेताना: २५२३ सीसीचं इंजिन किती भरवशाचं?

‘बोलेरोचं इंजिन मरत नाही’ हे वाक्य जुन्या पिकअपच्या जवळपास प्रत्येक सौद्यात कानावर पडतं. ते निम्मं खरं आहे. ब्लॉक, क्रँक, पिस्टन हा खालचा भाग दणकट आहे, यात वाद नाही. पण माल भरलेली गाडी रस्त्यात उभी राहते ती बहुधा इंजेक्टर, हाय प्रेशर पंप, टर्बो किंवा पाणी संपलेल्या रेडिएटरमुळे. म्हणून इथे सरसकट ‘बोलेरो’ची नाही, एका ठरावीक मालाची पारख केली आहे: बीएस-४ (प्रदूषणाचं सरकारी मानक, भारत स्टेज-४) ची, २५२३ सीसीच्या चार सिलिंडर कॉमन रेल इंजिनाची महिंद्रा बोलेरो पिकअप. कॉमन रेल म्हणजे चारही इंजेक्टरना एकाच जाड नळीतून, ‘रेल’मधून, मोठ्या दाबाचं डिझेल देणारी पद्धत. बीएस-४ देशभर लागू झालं १ एप्रिल २०१७ ला आणि नव्या बीएस-४ गाड्यांची नोंदणी थांबली ३१ मार्च २०२० ला. या तीन वर्षांतली गाडी शेतकऱ्याच्याही आवाक्यात येते आणि भाडं मारणाऱ्याच्याही, आणि बीएस-६ ची जादा यंत्रणाही तिच्यात नाही.

कागदावर इंजिन साधंच आहे. ७० एचपी, २०० न्यूटन मीटर, आणि तो टॉर्क (ओढ) मिनिटाला १४०० ते २२०० फेऱ्यांतच मिळून जातो. बोर ८८.९ मिमी, स्ट्रोक १०१.६ मिमी. म्हणजे लांब स्ट्रोकचं, कमी फेऱ्यांवर ओढणारं, ट्रॅक्टरच्या जातीचं इंजिन. टायमिंगला बेल्ट नसून गिअर आहेत, त्यामुळे बेल्ट तुटून व्हॉल्व्ह वाकायची भीती नाही. हेड उतरवणं, टॅपेट लावणं, लायनर-पिस्टन टाकणं हे तालुक्याच्या गावातला मिस्त्रीही करतो, आणि पार्ट कुठेही मिळतात. अडचण वरच्या भागात आहे. कॉमन रेलचे इंजेक्टर आणि पंप पान्याने दुरुस्त होत नाहीत. त्यांना स्कॅनर लागतो, टेस्ट बेंच लागतो, आणि तो बहुतेक ठिकाणी जिल्ह्याच्या गावी. आधीच्या यांत्रिक पंपाच्या डीआय गाड्या या बाबतीत सोप्या होत्या, पण त्या आता वयाने थकल्या आहेत. आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी करावं लागतं, तोही खर्च धरा.

मीटर नंतर बघा, आधी काम विचारा

पिकअपचं इंजिन किलोमीटरने जितकं झिजतं त्याहून जास्त वजनाने आणि चढाने झिजतं. दोन गाड्या घ्या, दोन्हीच्या मीटरवर दीड लाख किलोमीटर. पहिली नारायणगावचा टोमॅटो घेऊन माळशेज उतरून वाशीला जायची आणि घाट चढून रिकामी परत यायची. दुसरी रत्नागिरीहून आंबा किंवा मासळी भरून आंबा घाट चढून कोल्हापूरला जायची आणि उतारावर रिकामी यायची. पहिलीचे ब्रेकचे ड्रम आणि लायनर संपलेले असतील, पण इंजिन निवांत असेल. दुसरीचं इंजिन रोज तासभर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण भाराखाली तापलेलं असतं. टर्बो, हेड गॅस्केट आणि क्लच तिथे झिजतात. घाट एकच असला तरी भरलेली गाडी चढते की उतरते, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुधाच्या गाड्या बहुतेक चांगल्या निघतात. वजन ठरलेलं, ड्रायव्हर एकच, इंजिन रोज व्यवस्थित गरम होणार. किलोमीटर मात्र भरपूर असतात: रोजचे १५० धरले तर वर्षाला पन्नास हजारांच्या वर. म्हणून पाच वर्षांच्या दुधाच्या गाडीवर साठ हजारांचा आकडा दिसला तर मीटर मागे फिरवलंय असं समजून चाला. क्लच पेडलचं रबर, गिअर लिव्हरचा मुठीचा भाग, ड्रायव्हर बाजूच्या दाराचे बिजागर आणि सीटची बाहेरची कड, एवढं मीटरशी ताडून बघितलं की पुरे. भाजीपाल्याची गाडी मधल्या दर्जाची. विटा, वाळू, जांभा चिरा वाहिलेल्या गाडीपासून लांब राहिलेलं बरं. दीड टनाच्या गाडीत अडीच-तीन टन टाकलेलं असतं, आणि ते लपत नाही: मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एखादा पाटा रंगाने किंवा जाडीने वेगळा दिसतो, म्हणजे वाढवलेला, हौद्याखाली चॅसीवर वेल्डिंगच्या पट्ट्या असतात. पाटा वाढवला म्हणजे वजन वाहून नेता येतं, पण ते ओढायचं इंजिनालाच असतं.

बघायला जाताना गाडी थंड हवी

मालकाला आदल्या दिवशीच सांगा: सकाळी येतो, गाडी चालू करून ठेवू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवा. कोमट लागली तर चहा घ्या, तीन-चार तासांनी परत या. ज्या गाडीला गरम करूनच दाखवतात तिच्या पोटात काहीतरी असतं.

चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा आणि ऑइल प्रेशरचा असे दोन्ही दिवे लागले पाहिजेत. न लागणं ही आनंदाची बाब नाही. बल्ब काढलाय किंवा वायर तोडली आहे. इंजिन चालू झाल्यावर ऑइलचा दिवा दोन-तीन सेकंदांत विझायला हवा. तोच दिवा गरम इंजिनावर, रिकाम्या रेसला (ॲक्सिलरेटर न दाबता) फडफडत असेल तर बेअरिंगमधली जागा वाढली आहे किंवा ऑइल पंप थकला आहे. दोन्हीला क्रँकपर्यंत उघडावं लागतं.

थंड इंजिन किती वेळ स्टार्टर खातं ते मोजा. महाराष्ट्राच्या हवेत दोन सेकंदांत पेटायला हवं. चार-पाच सेकंद लागत असतील आणि बॅटरी ठणठणीत असेल तर रेलमध्ये प्रेशर तयार होत नाहीये. बहुतेकदा कारण इंजेक्टरच असतात: आतून झिजलेले, दाब धरून न ठेवता डिझेल परत टाकीकडे सोडणारे. असा इंजेक्टर सकाळी त्रास देतो आणि दिवसभर गप्प बसतो, म्हणून तर थंड गाडी बघायची.

रिटर्न टेस्ट: चार बाटल्या आणि पाच मिनिटं

संपूर्ण पारखीतली पैशाला सर्वांत मोलाची चाचणी हीच. मालकाची परवानगी घ्या आणि कॉमन रेल हाताळणारा मिस्त्री बरोबर न्या. चारही इंजेक्टरवरच्या बारीक रिटर्न नळ्या काढतात, त्या जागी चार पारदर्शक नळ्या लावून त्या एकाच मापाच्या चार बाटल्यांत सोडतात. गाडीच्या मूळ रिटर्न लाइनचं तोंड बंद करतात. मग इंजिन गरम करून रिकाम्या रेसवर पाच मिनिटं ठेवायचं आणि बाटल्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या.

चारही बाटल्यांत डिझेल साधारण एकाच उंचीवर असेल तर इंजेक्टर एका वयाचे आणि ठीक. तीन सारखे आणि चौथ्यात दुप्पट-तिप्पट असेल तर तो इंजेक्टर गेला. चारही बाटल्या भसाभस भरल्या तर चारही थकलेत. तिथे भाव पाडण्यापेक्षा दुसरी गाडी बघा. रेलच्या नळ्यांना मात्र चालू इंजिनावर हात लावायचा नाही. रिकाम्या रेसलाही तिथे २५० बारच्या पुढे दाब असतो आणि ते डिझेल कातडीतून आत घुसतं.

याच वेळी डिझेल फिल्टरच्या तळाचा पाण्याचा स्क्रू सोडून थोडं डिझेल पांढऱ्या वाटीत घ्या. पाण्याचे थेंब दिसले तर फार घाबरायचं कारण नाही, निष्काळजीपणा आहे एवढंच. पण उन्हात धरल्यावर चमचमणारी बारीक पूड दिसली तर ती लक्षात घ्या. टाकीतून किंवा लाइनमधून धातू येतोय, आणि बऱ्याचदा तो हाय प्रेशर पंप स्वतःला खात असल्याचा पुरावा असतो. रॉकेल मारलेल्या डिझेलला वंगण नसतं, पंप त्यानेच झिजतो. ती पूड इंजेक्टरमध्ये जाते, आणि मग नुसता पंप बदलून भागत नाही: चारही इंजेक्टर, रेल, नळ्या, टाकीची साफसफाई असा सगळा संच निघतो. या एका खुणेवर सौदा सोडून द्यावा.

पाणी

मराठवाडा-सोलापूरकडच्या गाड्यांत ही बाब जास्त दिसते. कूलंटऐवजी बोअरचं पाणी. क्षार रेडिएटरच्या नळ्यांत आणि हेडच्या वाटांत बसतात, अगदी पाणी तापवायच्या बंबाच्या आत बसतात तसेच. थंड गाडीचं झाकण उघडून बोट बुडवा. हिरवं किंवा गुलाबी, स्वच्छ असेल तर छान. तांबूस, विटकरी पाणी म्हणजे आत गंज. वर तेलाचा तवंग असेल किंवा डिपस्टिकवरचं ऑइल ताकासारखं दिसत असेल तर पाणी आणि ऑइल एकत्र होतंय: हेड गॅस्केट, चिरलेलं हेड किंवा ऑइल कूलर, तिघांपैकी काहीही. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा. सुरुवातीचे एक-दोन बुडबुडे हवेचे असतात. रेस दिल्यावर बुडबुडे सतत येत राहिले तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतोय.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. गाडी तापते म्हणून तक्रार आली की काही मिस्त्री थर्मोस्टॅटच काढून टाकतात. मालकाला वाटतं, इलाज झाला. प्रत्यक्षात तापण्याचं कारण, म्हणजे तुंबलेला रेडिएटर, तसंच राहतं आणि इंजिन कधी नीट गरमच होत नाही. डिझेल नीट जळत नाही, ॲव्हरेज पडतं, ऑइलमध्ये चिखल तयार होतो, रिंग लवकर झिजतात. ओळखायला सोपं आहे: थंड इंजिन चालू केल्यावर रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवा. थर्मोस्टॅट असेल तर होज बरीच मिनिटं थंड राहतो आणि मग एकदम गरम होतो. काढलेला असेल तर पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत जातो. अशा गाडीला घाटात नेल्याशिवाय इसार देऊ नका.

बॅक कॉम्प्रेशन आणि धूर

गरम इंजिन, रिकामी रेस. ऑइल टाकायचं झाकण फिरवून सैल करा आणि तिथेच उलटं ठेवा. हलकी वाफ आणि थोडी थरथर डिझेल इंजिनात चालते. झाकण नाचून खाली पडलं, फकफक करत धुराचे झोत आले, तर रिंगांतून गॅस खाली उतरतोय, गॅरेजच्या भाषेत इंजिन बॅक मारतंय. हे लपवायचे दोन मार्ग प्रचलित आहेत. एक म्हणजे जाड ऑइल किंवा घट्ट करणारं औषध टाकणं: डिपस्टिकचा थेंब दोन बोटांत घेतला की मधासारखी तार येते. दुसरा, ब्रीदरची (इंजिनाच्या पोटातला गॅस बाहेर काढणारी) नळी इनटेकवरून, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेवरून, काढून खाली जमिनीकडे सोडणं, म्हणजे टर्बोत ऑइल जात नाही आणि सायलेन्सरमधून निळा धूर दिसत नाही. गाडीखाली वाकून अशी लोंबती नळी आहे का बघा.

उलट, ऑइलची पातळी खुणेच्या वर असेल, ते पातळ असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर एखादा इंजेक्टर गळून डिझेल खाली उतरतंय. असं ऑइल बेअरिंग वाचवत नाही. काळं ऑइल बघून मात्र कुणी घाबरू नये. डिझेलचं ऑइल बदलल्यावर शे-दोनशे किलोमीटरमध्ये काळं होतंच. सोनेरी, स्वच्छ ऑइल दिसलं तर ते परवाच बदललंय आणि आधीच्या ऑइलने काय सांगितलं असतं ते आता कळणार नाही.

धुराचे रंग सगळ्यांना पाठ असतात, त्यामुळे थोडक्यात. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा म्हणजे कच्चं डिझेल. पांढरा पण गोडसर वासाचा आणि गरम झाल्यावरही न थांबणारा म्हणजे कूलंट. काळा बऱ्याचदा स्वस्तातला दोष: तुंबलेला एअर फिल्टर, फाटलेला टर्बोचा होज, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह). पीयूसीच्या कागदावर ‘के’चा, म्हणजे धुराच्या दाटपणाचा, आकडा असतो, बीएस-४ डिझेलला मर्यादा १.६२ आणि बीएस-६ ला ०.७. पीयूसी कसं मिळतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून त्या आकड्यावर विसंबू नका; समोर नळी लावून नवं काढून घ्या.

टर्बो बघायला एअर फिल्टरकडचा होज काढून शाफ्ट चिमटीत धरा. आडवा किंचित हलतो, ते चालतं. पुढे-मागे हलला किंवा पातं बाजूच्या भिंतीला घासल्याची खूण दिसली तर टर्बो बदलायचा. होजमध्ये ऑइलचा पातळ थर असणारच. वाटीभर साचलेलं असेल तर सील गेलंय.

रिकाम्या पिकअपची ट्रायल म्हणजे ट्रायल नव्हे

रिकामी पिकअप संपलेल्या इंजिनावरही धावते. ट्रायलला निदान एक टन वजन हवं. मालकाचा स्वतःचा माल असेल त्या दिवशी जा, नाहीतर वीस पोती सिमेंट भरली की झाला टन. वीस-पंचवीस मिनिटं चालवून गरम केल्यावर तीन-चार किलोमीटरचा सलग चढ घ्या. तिसऱ्या गिअरमध्ये १४००-१५०० फेऱ्यांवरून पाय दाबला तर गाडीने कुरकुर न करता वेग धरायला हवा, कारण टॉर्क तिथेच आहे. १८०० च्या आत ओढच नसेल आणि नंतर एकदम जोर येत असेल तर टर्बो किंवा होजची गळती. फेऱ्या वाढतात पण वेग वाढत नाही, तर क्लच सुटतोय. मध्येच धक्के देऊन ताकद जाते आणि दिवा लागतो, तर रेल प्रेशर पडतंय.

चढ संपल्यावर गाडी बाजूला घेऊन इंजिन चालूच ठेवा आणि तापमानाचा काटा बघा. चढावर थोडा वर गेलेला काटा दोन मिनिटांत जागेवर यायला हवा. खाली वाका: इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब पडतोय का. ओलसरपणा चालेल. टपटपणारा थेंब म्हणजे मागचं ऑइल सील, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सकाळी बॉनेटखाली पाणी मारून चकाचक केलेलं इंजिन दाखवलं होतं, त्याची किंमत या वेळी कळते.

स्कॅनर याच वेळी लावा, सकाळी नाही. सकाळी पुसलेले बिघाडाचे कोड ट्रायलनंतर परत येतात. रेलचा मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब यांच्यात रेस देताना मोठी तफावत दिसली, की चार बाटल्यांनी जे सांगितलं त्यालाच दुजोरा मिळतो.

दोस्त, योद्धा आणि बीएस-६

अशोक लेलँडची दोस्त २०११ पासून आहे. १४७८ सीसी, तीन सिलिंडर, कॉमन रेल. शहरात, सपाटीवर, एक-सव्वा टनाला ती बोलेरोपेक्षा हलकी, वळायला सोपी आणि डिझेलला बरी. पण तीन सिलिंडरचं लहान इंजिन जास्तीचं वजन सहन करत नाही. ओव्हरलोड चाललेली जुनी दोस्त घेऊ नये. टाटा योद्धाचं बीएस-४ इंजिन २९५६ सीसीचं, टाटाच्याच जुन्या २०७ पिकअपच्या घराण्यातलं, ताकदीला बोलेरोच्या वर. आडव्या रस्त्यावर जड माल वाहायचा असेल आणि जवळ टाटाचा जाणता मिस्त्री असेल तर योद्धा घ्यायला हरकत नाही, आणि सेकंड हँडमध्ये ती सहसा स्वस्तात मिळते. बीएस-६ योद्धात इंजिन वेगळं, २.२ लिटरचं, हे विसरू नका. जुन्या योद्धाची ख्याती नव्या गाडीला लावून विकणारे भेटतात.

बीएस-६ ची कुठलीही पिकअप घेताना धूर गाळणारी यंत्रणा जागेवर आहे का ते खाली वाकून बघा. गावात पाच-सात किलोमीटरच्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा फिल्टर नीट जळून साफ होत नाही, दिवा लागतो, आणि मग कुणीतरी तो आतून फोडून, सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करून देतो. अशी गाडी पळते छान, पण पुढच्या कडक पीयूसीला आणि पासिंगला तो खर्च नव्या मालकाच्या गळ्यात पडतो.

एकूण निवाडा असा: उतारावरून माल नेलेली, एकाच मालकाची, कूलंट असलेली, बाटल्यांत सारखं डिझेल देणारी २०१८-१९ ची बोलेरो पिकअप दोन लाख किलोमीटरवरही घ्यावी. ऐंशी हजारवाली, थर्मोस्टॅट काढलेली, पाटे वाढवलेली घेऊ नये.

कागदांचं थोडक्यात: परिवहनच्या पोर्टलवर गाडी नंबर टाकून पासिंग, विमा, टॅक्स, चलन आणि फायनान्सचा बोजा बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, नावावर करायला २९ आणि ३०. इंजिन नंबर आरसीशी अक्षर-अक्षर ताडून बघा. ब्लॉकवर घासल्याच्या खुणा असतील तर कितीही स्वस्त असली तरी नको.

सगळं पसंत पडलं तर इसार द्या, पण उरलेल्या पैशाआधी एक अट घाला: ऑइल आणि ऑइल फिल्टर तुमच्या खर्चाने, तुमच्यासमोर बदलायचा. काढलेला जुना फिल्टर फेकू देऊ नका. पत्रा कापून आतला घडीचा कागद बाहेर काढा, पिळून ऑइल काढा आणि उन्हात पसरून त्यावरून चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारी चिमूटभर पूड म्हणजे लोखंडाची झीज, या वयाच्या इंजिनात थोडी चालते. चुंबकाला न चिकटणारे पिवळसर किंवा पांढुरके चकाकते कण दिसले तर ते बेअरिंगचे आहेत, आणि उरलेले पैसे अजून तुमच्याच खिशात आहेत.